नोटीस दिली म्हणजे कर्तव्य झाले?

पावसाळा सुरू झाला की वसई पूर्वेला कामणजवळच्या जंगलातील चिंचोटी धबधब्यावर जाण्यास पोलिसांचा मनाई आदेश निघतो. तो दरवर्षी निघतो आणि दरवर्षी मोडला जातो. जुलै २०१८ मध्ये याच धबधब्यावर अचानक वाढलेल्या पाण्यात शंभराहून अधिक पर्यटक अडकले, एकाचा जीव गेला आणि बाकीच्यांना अग्निशमन दल, पोलीस व स्थानिकांनी बाहेर काढले. असे काही झाले की चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. एक म्हणते, बंदी असताना गेलेच कशाला? दुसरी म्हणते, प्रशासन काय करत होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने आधीच देऊन ठेवले आहे: आदेश मोडणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवता येतो. दुसरा प्रश्न मात्र सभेत, संपादकीयात आणि विधिमंडळातच विचारला जातो, पोलीस ठाण्यात सहसा नाही. तो तिथेही विचारता येतो, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. अडथळा आहे तो आपल्या प्रशासनाच्या एका जुन्या समजुतीचा. धोक्याची सूचना कागदावर दिली की कर्तव्य पार पडले, अशी ती समजूत आहे.

काही न करणे हा गुन्हा केव्हा ठरतो, याचा विचार या देशात १८३७ मध्येच झाला होता. मेकॉलेच्या आयोगाने दंड संहितेचा मसुदा तयार केला तेव्हा त्याला जोडलेल्या टिपांमध्ये एक उदाहरण दिले होते. नदीला पूर आला आहे, उतार ओलांडणे धोक्याचे आहे, एका माणसाला ते माहीत आहे. तो वाटसरूला सांगत नाही आणि वाटसरू बुडतो. आयोगाचे म्हणणे असे की, वाटसरूंना सावध करण्यासाठी सरकारने तिथे नेमलेला शिपाई जर मृत्यू घडावा म्हणून गप्प राहिला, तर तो खुनी आहे. वाट दाखवण्याचा करार केलेला वाटाड्या गप्प राहिला, तर तोही खुनी. पण ज्याच्यावर माणुसकीपलीकडे वाटसरूचा कोणताही हक्क नाही, असा तिऱ्हाईत गप्प राहिला तर तो वाईट माणूस असेल, गुन्हेगार नव्हे. भिकाऱ्याला अन्न नाकारणारा श्रीमंत आणि रुग्णासाठी कलकत्त्याहून मेरठला जायला नकार देणारा शल्यचिकित्सक यांनाही आयोगाने याच कारणाने सोडून दिले. ही रेषा कठोर वाटते, पण तिच्यात शहाणपण आहे. फौजदारी कायदा सगळ्यांवर परोपकार लादू लागला तर कोणीच सुटणार नाही, आणि कोणीच सुटणार नसेल तर खरा दोषी गर्दीत सहज लपतो. म्हणून प्रश्न एकच: हे करायला तू कायद्याने बांधलेला होतास का?

भारतीय दंड संहितेने १८६० मध्ये ही रेषा कलम ३२ मध्ये आणली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेने ती कलम ३ मध्ये तशीच ठेवली: कृतीविषयीचे शब्द बेकायदेशीर अकृतीलाही लागू होतात. म्हणजे हयगयीने मृत्यू घडवण्याचे कलम १०६ (पूर्वीचे ३०४ अ) केवळ भरधाव गाडी चालवणाऱ्यासाठी नाही. जे करायला बांधलेला होता ते हयगयीने न करणाऱ्यालाही ते लागू आहे, आणि शिक्षा आता दोनऐवजी पाच वर्षांपर्यंत गेली आहे. काही ठिकाणी विधिमंडळाने याहून पुढे जाऊन न करण्यालाच स्वतंत्र गुन्हा ठरवले. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे पॉक्सो कायद्याच्या कलम २१ खाली दंडनीय आहे. बदलापूरच्या शाळेतील २०२४ च्या प्रकरणात संस्थाचालकांवर याच कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला. तो नोंदवणे शक्य झाले याचे कारण सरळ आहे: कोणी, काय, कोणाला कळवायचे, हे कायद्यात संदिग्ध राहिलेले नाही.

आता कामणच्या रस्त्याकडे वळू. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चिंचोटीपासून कामण, पोमण, खारबावमार्गे अंजूरफाटा आणि पुढे माणकोलीकडे जाणारा हा रस्ता म्हणजे वसई आणि भिवंडीची गोदामे जोडणारी शीर. अवजड वाहने रात्रंदिवस याच रस्त्याने जातात. मालोडीला टोल वसूल होत असतानाही या रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी लोकांना आंदोलने करावी लागली. खड्डा चुकवताना दुचाकीस्वार पडतो, मागच्या ट्रकखाली जातो आणि गुन्हा नोंदवला जातो तो ट्रकचालकावर. त्याचा दोष असेलही. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८ अ आले आहे, ते किती पोलीस ठाण्यांना आठवते? रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ज्याच्याकडे आहे, ते प्राधिकरण, कंत्राटदार, सल्लागार किंवा टोल कंपनी ठरलेले मानक पाळत नसेल आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर त्यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. माणसाच्या जिवाची किंमत लाखभर, तीही दंडाची कमाल म्हणून, हे लाजिरवाणे आहे. पण या कलमातला एक बारकावा महत्त्वाचा आहे. दोष ठरवताना न्यायालयाने काय पाहावे याची यादी त्यात आहे. रस्ता धोकादायक आहे हे संबंधिताला माहीत होते का, किंवा माहीत असायला हवे होते का, हा त्यातला एक मुद्दा. आणि धोक्याची पाटी? तिचा विचार करायचा तो अपघातापूर्वी दुरुस्ती करणे वाजवीपणे शक्यच नव्हते अशा प्रसंगात. म्हणजे पाटी हा दुरुस्तीला पर्याय नाही, दुरुस्ती होईपर्यंतची सोय आहे, हे संसदेने लिहून ठेवले आहे. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. तिथे पूल धोकादायक असल्याची पाटी होती. पूल मात्र पाडला नव्हता, आणि लोक त्यावर चढू शकणार नाहीत असा बंदही केला नव्हता.

पाटीचेच मोठे भावंड म्हणजे नोटीस. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून स्थापन झाली. त्याआधी आणि त्यानंतर या पट्ट्यात जे अनधिकृत बांधकाम झाले, त्याला नोटिसांची कमतरता कधीच नव्हती. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतील ४१ इमारती सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्या २०२४-२५ च्या हिवाळ्यात पाडल्या गेल्या आणि हजारो रहिवासी रस्त्यावर आले. ४१ इमारती रात्रीतून उगवत नाहीत. त्यांचे पाये खणताना, स्लॅब पडताना, नळजोडण्या होताना ज्यांनी थांबवायचे होते त्यांनी थांबवले नाही. त्या न थांबवण्याची किंमत सदनिका घेणाऱ्यांनी मोजली. विरारमध्ये किंमत याहून भयंकर होती. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री, गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री, विजय नगरमधील रमाबाई अपार्टमेंटचा एक भाग शेजारच्या चाळीवर कोसळला आणि १७ जणांचा मृत्यू झाला. ही चार मजली इमारत अनधिकृत होती आणि दहा वर्षांहून अधिक काळ तिथे उभी होती. गुन्हा नोंदवला गेला विकासकाविरुद्ध, आणि फिर्याद होती महापालिकेची. ज्याने इमारत बांधली त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवणे योग्यच. पण जी संस्था ही इमारत पाडायला कायद्याने बांधलेली होती, ती पहिल्याच दिवशी फिर्यादीच्या जागी जाऊन बसली, तर तिच्या न करण्याचा तपास कोणी करायचा?

इथे कायदा मुका नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ६३ महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगते, धोकादायक इमारती सुरक्षित करणे वा हटवणे हे त्यात येते, आणि पडायला आलेल्या बांधकामाबाबत काय करायचे ते कलम २६४ सांगते. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाची ५३ ते ५६ ही कलमे अनधिकृत बांधकाम थांबवण्याचे व पाडण्याचे अधिकार देतात. आणि त्याच अधिनियमातील कलम ५६ अ म्हणते की पुरेशा कारणाशिवाय ही कारवाई न करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मेकॉलेच्या शिपायाचीच ही आजची आवृत्ती. शिक्षा किरकोळ आहे, हे खरे. तरी पदनिर्देशित अधिकारी कोण, हे प्रभागवार आदेशाने ठरलेले असते, म्हणजे नदीकाठी कोणाला उभे केले होते ते सापडते. कलम ६३ चे बंधन 'महापालिके'वर आहे आणि महापालिकेला तुरुंगात टाकता येत नाही. कलम ५६ अ चे बंधन एका माणसावर आहे.

मग ते वापरले का जात नाही? कारण तपास सुरू होताच अधिकारी फाइल पुढे करतो. अमुक तारखेला नोटीस दिली, तमुक तारखेला स्मरणपत्र, जावक क्रमांक हा, बंदोबस्तासाठी पोलिसांना पत्र हे. फाइल जाडजूड असते, म्हणून काम झाले असे वाटते. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. त्या फाइलमधील प्रत्येक नोटीस हा बचावाचा नव्हे, आरोपाचा पुरावा मानायला हवा. हयगयीच्या खटल्यात सिद्ध करायला सगळ्यात अवघड गोष्ट असते ती जाणीव: आरोपीला धोका माहीत होता का? इथे अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी लिहून ठेवले आहे की इमारत धोकादायक आहे, बांधकाम विनापरवाना आहे, अमुक दिवसांत हटवले नाही तर पालिका हटवेल. यानंतर वर्षानुवर्षे काही न होणे याला नकळत झालेली चूक म्हणता येत नाही. ते जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष होते. नोटिशीची तारीख आणि कोसळल्याची तारीख यांमधला काळ हाच अकृतीचा कालावधी, आणि त्या काळात त्या खुर्चीत कोणकोण बसले याची यादी हीच संशयितांची यादी. आपल्याकडे अधिकारी अडकतात ते बहुधा पैशाचा वास आला तरच. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत कोसळून ७४ जण ठार झाले, तेव्हा ठाणे महापालिकेचे अधिकारी आणि पोलीसही अटकेत गेले. पण तिथे आरोप पैसे घेऊन डोळेझाक केल्याचा होता. लाच घेतली असेल तर तो वेगळा गुन्हा आहे, त्याची शिक्षा वेगळी व्हावी. लाच न घेता, केवळ कटकट नको म्हणून फाइल दाबून ठेवणाऱ्याने केलेला कर्तव्यभंग ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी कमी नसतो.

यावर पहिला आक्षेप चटकन येतो आणि तो बिनतोड वाटतो: नोटीसच पुरावा ठरणार असेल तर अधिकारी नोटीस देणेच बंद करतील. देतील कशाला, स्वतःविरुद्ध कागद तयार करायला? हा धोका खरा आहे. पण बंधन केवळ कळल्यावर कारवाई करण्याचे नाही, कळून घेण्याचेही आहे. १९८ अ मध्ये 'माहीत असायला हवे होते' हे शब्द आहेत, आणि हयगयीच्या कायद्याचा गाभाही तोच आहे. चार मजले चढेपर्यंत प्रभाग कार्यालयाला दिसले नाही, असे म्हणणारा अधिकारी नोटीस देणाऱ्यापेक्षा कमी दोषी कसा ठरेल? उलट न्यायालयाने दोघांत फरक करावा तो असा: जो पाहतो, नोटीस देतो आणि पुढची पायरी चढतो तो सुटतो, जो नोटीस देऊन थांबतो आणि जो पाहतच नाही, ते दोघेही अडकतात. असे झाले तर नोटीस न देण्यात कोणाचाच फायदा राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे, आणि तो करणारे बहुतेक जण आतून यंत्रणा पाहिलेले असतात. बंदोबस्त मिळत नाही, स्थगिती असते, लोकप्रतिनिधीचा फोन येतो, जेसीबीसमोर बायकामुले आडवी पडतात. अशा वेळी सहायक आयुक्ताने काय करायचे? म्हणूनच कायद्यात 'पुरेशा कारणाशिवाय' हे शब्द आहेत. न्यायालयाची स्थगिती हे पुरेसे कारण आहे. बंदोबस्त न मिळणे हेही असू शकते, पण ते लेखी मागितलेले असले, नकार लेखी आलेला असला आणि तो वर कळवलेला असला तरच. फोनचे काय? फोन आला हे फाइलवर लिहायची हिंमत नसेल, तर त्याची सबब नंतर चालणार नाही, एवढाच नियम पुरेसा आहे. अशा नोंदींचा परिणाम होतो: जबाबदारी खालून वर सरकते. ज्याने बंदोबस्त नाकारला, ज्याने निधी दिला नाही, ज्याने फाइल परत पाठवली, तो माणूस चित्रात येतो. तेव्हा शेवटी कनिष्ठ अभियंताच बळी जाईल, ही भीतीही याच नोंदींनी कमी होते. या भीतीला सध्याच्या कायद्यातही आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. खटल्यासाठी शासनाच्या पूर्वमंजुरीचे जे संरक्षण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये आहे, ते शासनाच्या मंजुरीशिवाय ज्यांना पदावरून काढता येत नाही अशा अधिकाऱ्यांपुरते आहे. म्हणजे छत्री वरच्यांना मिळते आणि भिजतो खालचा. नव्या संहितेने मंजुरीचा निर्णय १२० दिवसांत न झाल्यास मंजुरी मिळाली असे मानण्याची तरतूद केली, हे एक पाऊल पुढे आहे. पण वरच्याचे नाव कागदावर यायलाच हवे, नाहीतर मंजुरी मागायची कोणासाठी?

तिसरा आक्षेप कार्यकारणाचा. खड्ड्याने माणूस मारला की ट्रकने? इमारत निकृष्ट बांधकामाने पडली की पालिकेने ती न पाडल्याने? दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या खटल्यात हाच बचाव मालकांनी घेतला होता. १३ जून १९९७ च्या आगीत ५९ प्रेक्षक गेले. मालकांचे म्हणणे होते की आग वीज मंडळाच्या ट्रान्सफॉर्मरमुळे लागली, आमचा काय संबंध? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दोषसिद्धी कायम ठेवली. माणसे मेली कारण त्यांना वेळेत बाहेर पडता आले नाही, आणि बाहेर पडण्याच्या वाटा खुल्या ठेवणे हे मालकांचे बंधन होते. ठिणगी कोणाची हा एक प्रश्न, वाट कोणी अडवली हा दुसरा. तोच तर्क विरारला आणि कामणच्या रस्त्याला लावता येतो. विकासक आणि चालक दोषी असले म्हणून ज्याच्याकडे धोका हटवण्याचे काम होते तो निर्दोष होत नाही. शिवाय बळी गेलेल्याच्या चुकीने आरोपीचा गुन्हा पुसला जात नाही. पूर आलेल्या नदीत पाय घालणारा वाटसरू स्वतःच्या पायांनीच गेला होता, तरी मेकॉलेने शिपायाला सोडले नाही. चिंचोटीला जाणारा तरुण आणि स्वस्त म्हणून अनधिकृत घर घेणारे कुटुंब यांनाही तेच लागू.

काहींना वाटते, फौजदारी कायदा इथे नकोच, भरपाई पुरे. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि संदेश पाटील यांच्या खंडपीठाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. खड्ड्याची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत तो बुजवायचा, आणि भरपाईची रक्कम जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करायची. हा निकाल मोठा आहे, आणि ज्या जनहित याचिकेत तो आला ती २०१३ पासून चालू आहे. पण वसुली होईपर्यंत पैसे पालिकेचे म्हणजे करदात्यांचेच जातात, आणि वसुलीसाठी नाव ठरवावे लागतेच. म्हणजे भरपाईची वाट धरली तरी आपण त्याच प्रश्नावर येऊन थांबतो: खड्डा कोणाचा? ४८ तासांची मुदत मिळाल्यामुळे फौजदारी प्रश्न उलट सोपा झाला आहे, कारण माहिती मिळाल्याची वेळ आणि कृतीची मुदत दोन्ही आता घड्याळावर आहेत.

कोणी म्हणेल, मग कलम १०६ सर्रास लावा. तसे मी म्हणत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी हयगय ही ढळढळीत असायला हवी, साधी चूक पुरत नाही, असे ठरवले. ते डॉक्टरांच्या संदर्भात होते, पण तत्त्व अभियंत्यालाही लागू करणे न्याय्य आहे. एका पावसात पडलेला खड्डा दोन दिवस राहिला, तर ती चूक असेल. तोच खड्डा तक्रारींच्या थप्पीखाली तीन पावसाळे राहिला, तर त्या हयगयीला ढळढळीत म्हणायला संकोच नको.

यासाठी लागणारे काम बरेचसे कारकुनी आहे. कामणच्या रस्त्यावर पुढचा मृत्यू होईल तेव्हा पंचनाम्यात वाहनाची नंबरप्लेट आणि चाकांचे व्रण यांच्याबरोबर खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजून लिहावी. रस्त्याचा तो तुकडा कोणत्या विभागाच्या ताब्यात आहे, कंत्राटाचा दोषदायित्व कालावधी चालू आहे का, असल्यास कंत्राटदार कोण, देखभालीची जबाबदारी कोणत्या उपअभियंत्याकडे आहे, आणि त्या जागेबद्दल शेवटची तक्रार कोणत्या तारखेला आली, ही चार उत्तरे तपासी अंमलदाराने सार्वजनिक बांधकाम विभागाकडून लेखी मागवावीत. उत्तर आले नाही, तर ते न आल्याची नोंदही दोषारोपपत्रात जोडावी. आणि इमारत पडली, तर महापालिकेची फिर्याद घेण्याआधी त्या इमारतीच्या नोटिसांची फाइल जप्त करावी.